विद्यार्थ्यांच्या बरोबरीने तंत्रज्ञान शिकताना: वरिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

मुलं आमच्या पुष्कळ पुढे गेली आहेत. आता सुरुवात कुठून करायची?

आधी ती नेमकी कशात पुढे आहेत ते बघा. फोनवर रील कापणं, चॅटजीपीटीला प्रश्न विचारणं, पैसे पाठवणं यात ती पुढेच आहेत. पण पहिल्या वर्षाच्या वर्गाला प्रयोगशाळेत बसवून सांगा, ‘फाइल सेव्ह करा आणि मला मेल करा.’ निम्म्या वर्गाला फाइल कुठे गेली ते सापडत नाही. ‘डाउनलोड्स’मध्ये ‘अनटायटल्ड १’, ‘अनटायटल्ड २’ अशी रांग लागलेली असते. मेलला विषय नसतो, जोडपत्र विसरलेलं असतं. फोनवर वाढलेल्या मुलांना फोल्डर ही कल्पनाच नवी असते.

म्हणजे तुमचं आणि त्यांचं येणं-न येणं वेगवेगळ्या जागी आहे. सुरुवात तुमच्या विषयापासून करा, साधनापासून नको. जे काम तुम्ही दर सत्राला हाताने करता आणि ज्याचा कंटाळा येतो, ते पहिलं घ्या. वाणिज्यच्या शिक्षकासाठी ते पिव्होट टेबल (एक्सेलमधला आकड्यांचा सारांश-तक्ता) असेल, भूगोलाच्या शिक्षकासाठी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना नकाशा अक्षांश-रेखांशाला बसवणं असेल, भाषेच्या शिक्षकासाठी स्कॅन केलेल्या पानांचा मजकूर काढणं असेल. एका सत्रात एकच. दोन घेतलीत की दोन्ही अर्धवट राहतात.

आठवड्याला किती वेळ लागेल?

दीड तास, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. सत्र साधारण १५ आठवड्यांचं धरलं तर साडेबावीस तास होतात. एक सॉफ्टवेअर कामापुरतं हातात यायला तेवढे पुरतात. ‘सुट्टीत सगळं एकदम शिकू’ हा बेत सहसा फसतो, कारण शिकलेलं वापरायला समोर वर्ग नसतो आणि जूनपर्यंत सगळं विसरलेलं असतं.

कोणता कोर्स करावा? रोज नव्या कार्यशाळेची लिंक येते.

लिंका येऊ द्या. दोन गोष्टी मात्र खात्रीच्या आहेत.

पहिली, आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, त्यातले बरेच मराठी आवाजात. लिब्रेऑफिस, लिनक्स, पायथन, सायलॅब, लाटेक अशा मुक्त सॉफ्टवेअरवर भर. ते नुसते बघायचे नसतात. पडद्याचा एक तृतीयांश भाग व्हिडिओला आणि उरलेला सॉफ्टवेअरला द्यायचा. धड्यात एक क्लिक झाली की थांबवून तीच आपण करायची. दहा मिनिटांच्या धड्याला अर्धा तास लागतो आणि तो लागू द्यावा.

दुसरी, केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवरचे एनपीटेलचे (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचे) कोर्स. ते ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात आणि मुख्यतः जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. शिकणं मोफत, परीक्षेला शुल्क. १०० पैकी २५ गुण दर आठवड्याच्या स्वाध्यायांचे आणि ७५ केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायात २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० हे दोन्ही निकष पार करावे लागतात. १२ आठवड्यांच्या कोर्सात सर्वांत चांगले ८ स्वाध्याय धरतात, त्यामुळे चार चुकले तरी हरकत नाही. गाडी अडते ती परीक्षेच्या नोंदणीपाशी. कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव गेलं असं नाही. तो अर्ज वेगळा असतो आणि त्याची तारीख अर्ध्या कोर्सातच उलटते.

तुमच्या महाविद्यालयात एनपीटेलचा ‘लोकल चॅप्टर’ (स्थानिक शाखा) असेल तर त्याच कोर्सला विद्यार्थ्यांची नावं घालून तुम्ही त्यांचे मेंटर होऊ शकता. मग शुक्रवारी दुपारी वीस-पंचवीस जण एकाच स्वाध्यायावर डोकं लावतात, तुम्हीही त्यांतलेच एक. बरोबरीने शिकायचा याहून साधा मार्ग नाही.

असा कोर्स पदोन्नतीला धरतात का?

यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांत प्रमाणपत्रासह पूर्ण केलेला मूक (सर्वांना खुला ऑनलाइन) कोर्स सहायक प्राध्यापकाच्या पहिल्या टप्प्याच्या पदोन्नतीसाठी एक पर्याय म्हणून दिलेला आहे. एनपीटेलचे ठरावीक कोर्स एआयसीटीईच्या मान्यतेने एफडीपी (शिक्षक-विकास कार्यक्रम) म्हणूनही धरले जातात. सगळे नाहीत. नाव घालण्याआधी कोर्सच्या पानावर तसा उल्लेख आहे का ते बघा आणि आयक्यूएसीच्या (महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाच्या) समन्वयकांकडून ‘चालेल’ हे मेलवर लेखी घ्या. तोंडी ‘चालेल सर’ फाइल उघडायच्या दिवशी कुणाला आठवत नाही.

वर्गात एखाद्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त येतं. काय करू?

त्याला फळ्यापाशी बोलवा, पण मोकाट सोडू नका. पन्नास मिनिटांच्या तासाची वाटणी अशी चालते: १० मिनिटं तो करून दाखवतो, पुढची २५ सगळे जण तेच आपापल्या यंत्रावर करतात, शेवटची १५ तुमची. त्या पंधरा मिनिटांत उत्तर विषयाच्या कसोटीवर घासायचं. पायथनने सहसंबंध ०.९२ दाखवला, ठीक. पण नमुना आठ जणांचा आहे, त्यातल्या एकाचं उत्पन्न बाकीच्यांच्या वीसपट आहे, तो एक काढला तर काय होतं? हा प्रश्न त्या मुलाला सुचत नाही, तुम्हाला सुचतो. तुमची जागा तिथे आहे.

त्याच मुलाकडून केलेल्या कृतीची एक पानी टिपण लिहून घ्या, पायऱ्यांना आकडे घालून. पुढच्या वर्षी तीच पुढच्या वर्गाला द्या, खाली त्याचं नाव ठेवून.

स्वाध्याय एआयने लिहिलाय हे ओळखायचं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

कोणतंही घेऊ नका, निदान त्याच्या आकड्यावर शिक्षा ठरवायला तर नकोच. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं. ते बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असं ओळखणारं साधन काढलं. त्यांच्याच चाचणीत त्याला एआयचा फक्त २६ टक्के मजकूर ओळखता आला आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर त्याने खोटा आळ घेतला. अचूकता कमी म्हणून त्यांनी ते त्याच वर्षी जुलैत बंद केलं. १२० जणांच्या वर्गाने प्रामाणिकपणे लिहिलं असं धरा. ९ टक्के म्हणजे जवळपास ११ निरपराध मुलं तुमच्या केबिनबाहेर उभी. नंतरची साधनं सुधारली असतील, पण चूक शून्यावर आलेली नाही, आणि इंग्रजी ही ज्यांची पहिली भाषा नाही त्यांच्या साध्यासरळ वाक्यांवर ती जास्त संशय घेतात, असं स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं आहे. आपल्याकडच्या वर्गात कोण बसतं ते वेगळं सांगायला नको.

त्याऐवजी स्वाध्यायाचीच घडण बदला.

प्रश्न गावाला बांधा. ‘महागाईची कारणे लिहा’ हा प्रश्न यंत्राला आंदण दिल्यासारखा आहे. ‘तुमच्या बाजारातल्या तीन दुकानांत तूरडाळीचा भाव चार आठवडे, दर शनिवारी नोंदवा, फरक का पडला ते दुकानदाराला विचारा, नोंदवहीचा फोटो जोडा’ हा नाही.

लेखन गूगल डॉक्समध्ये करून घ्या आणि शिक्षकाला संपादनाचा हक्क द्यायला लावा. नुसता बघण्याचा हक्क असेल तर ‘व्हर्जन हिस्टरी’ तुम्हाला दिसत नाही. हक्क असला की मजकूर तीन दिवसांत वाढत गेला की रात्री ११:४० ला एका झटक्यात १२०० शब्द येऊन पडले, ते कळतं. एका झटक्यात पडणं हा गुन्ह्याचा पुरावा मात्र नव्हे. मुलाने वहीत लिहून मग टाइप केलं असेल, फोनच्या नोट्समधून चिकटवलं असेल. विचारायला ते निमित्त आहे, एवढंच.

आणि तोंडी परीक्षा. सगळ्यांची घेणं शक्य नाही, हे खरं. १२० मुलं गुणिले ४ मिनिटं म्हणजे ८ तास. पण चिठ्ठ्या टाकून २४ जण निवडले आणि प्रत्येकी ५ मिनिटं दिली तर दोन तासांत होतं. चिठ्ठी कुणाची निघेल ते आधी कळत नसल्याने तयारी सगळेच करतात. प्रश्न दोनच पुरतात: ‘हे वाक्य तुझ्या शब्दांत सांग’ आणि ‘हा आकडा कुठून आणलास?’

मग एआय वापरायची परवानगी द्यायची की नाही?

बंदी घालून ती पाळली जाणार नसेल तर बंदीचा उपयोग प्रामाणिक मुलांनाच शिक्षा होण्यापुरता. प्रत्येक स्वाध्यायाच्या डोक्यावर एक ओळ लिहा: या कामात एआय ‘अजिबात नाही’, ‘मुद्दे सुचवायला चालेल’ किंवा ‘पूर्ण चालेल, विचारलेला प्रश्न आणि आलेलं उत्तर जोडा’. तिसऱ्या प्रकारात गुण चुका शोधण्याला द्या. यंत्राच्या उत्तरातल्या तीन चुका दाखवा आणि त्या चूक का आहेत ते पाठ्यपुस्तकाच्या पान क्रमांकासह लिहा. हा स्वाध्याय तपासायला मजा येते, कारण प्रत्येकाच्या चुका वेगळ्या निघतात.

एआयकडून मराठीत नोट्स करून घेतल्या तर चालतील?

कच्चा आराखडा म्हणून चालतील, तशाच वाटायला चालणार नाहीत. सर्वांत मोठा धोका परिभाषेचा. मराठी म्हणून हिंदीच संज्ञा येतात आणि घाईत वाचलं तर डोळ्यांखालून निसटतात. ‘पेशी’ऐवजी ‘कोशिका’, ‘ऊती’ऐवजी ‘ऊतक’, ‘संकल्पना’ऐवजी ‘अवधारणा’. हे खटकतं तरी. ‘क्षार’ मात्र खटकतही नाही. आपल्या पुस्तकांत आम्ल, आम्लारी, क्षार अशी त्रयी आहे आणि क्षार म्हणजे मीठ या वर्गातला पदार्थ. हिंदीत ‘क्षार’ म्हणजे अल्कली आणि मिठाला ‘लवण’. हिंदीच्या वळणाने आलेल्या नोटमध्ये ‘आम्ल आणि क्षार यांच्या अभिक्रियेतून लवण तयार होते’ असं वाक्य येतं, मराठी दिसतं, आणि बारावीपर्यंत नीट शिकून आलेलं मूल पहिल्या वर्षाला गोंधळतं.

उपाय असा: धड्यातल्या वीस-पंचवीस संज्ञांची यादी आपण करायची, इंग्रजी शब्द आणि समोर पाठ्यपुस्तकातला किंवा भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशातला मराठी शब्द. ती यादी प्रश्नासोबत चिकटवायची आणि ‘याच संज्ञा वापर’ असं बजावायचं. तरीही शेवटी ‘फाइंड’ने कोशिका, ऊतक, लवण असे शब्द एकेक शोधून बघायचे.

संदर्भसूची तर यंत्राकडून कधीच घेऊ नका. लेखक खरा, नियतकालिक खरं, लेख मात्र कधी लिहिलाच गेलेला नाही, असं सर्रास होतं. शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरवर शोधा, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) असेल तर तो उघडून बघा. दोन्हीकडे काही नाही तर तो संदर्भ काढून टाका.

आणखी एक. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, इंग्रजीचं एक. यंत्र मजकुराचे तुकडे पाडून वाचतं आणि मराठीचे तुकडे बहुधा जास्त पडतात. म्हणून फुकटची मर्यादा मराठीत लवकर संपते आणि लांब उत्तर मध्येच तुटतं. धडा एकदम न देता भागाभागाने द्या.

प्रबंधाचं आधीच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांच्या आत आहे. म्हणजे काम स्वच्छ ना?

नाही. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही, पुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर अशा पायऱ्या आहेत. संदर्भ देऊन केलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजणीतून वगळायचं असतं. सामान्य ज्ञानाच्या सलग १४ शब्दांपर्यंतच्या जुळणीलाही सूट आहे. ही वगळणी अहवाल काढताना चालू केली नाही तर ९ टक्क्यांचा प्रबंध २५ टक्के दिसतो. उलट, इंग्रजी लेखाचं मराठी भाषांतर करून आपलं म्हणून दिलं तर साम्य जवळपास शून्य येऊ शकतं, आणि ते वाङ्मयचौर्यच असतं. आकडा शब्दांच्या जुळणीचा आहे. एआयने लिहिलं की नाही याच्याशीही त्याचा संबंध नाही.

गूगल फॉर्मची उत्तरं एक्सेलमध्ये उघडली की मराठीचा चिखल होतो. का?

फॉर्ममधून उतरवलेली सीएसव्ही फाइल यूटीएफ-८ मध्ये असते. तिच्यावर दोनदा टिचकी मारून उघडली की एक्सेल ती जुन्या सांकेतिक पद्धतीने वाचतं आणि प्रत्येक अक्षराचे तीन विचित्र तुकडे दाखवतं. फाइल बिघडलेली नसते. तशीच सेव्ह केलीत तर मात्र खरोखर बिघडते, म्हणून आधी न साठवता बंद करा. मग:

१. एक्सेलची कोरी वर्कबुक उघडा.
२. ‘डेटा’मधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या, फाइल निवडा.
३. ‘फाइल ओरिजिन’मध्ये ‘६५००१: युनिकोड (यूटीएफ-८)’ निवडा. खाली नमुन्यात मराठी नीट दिसायला लागेल.
४. ‘लोड’ करा आणि एक्सेल वर्कबुक म्हणूनच साठवा.

जमलं तर उत्तरं थेट गूगल शीट्समध्येच ठेवा, हा प्रश्न उद्भवतच नाही.

दुसरी गंमत आकड्यांची. मुलांनी ‘१२’ देवनागरीत लिहिलं असेल तर एक्सेल त्याला बहुतेक वेळा मजकूर समजतं आणि बेरीज शून्य येते. फॉर्ममध्ये लहान उत्तराचा प्रश्न गुणांकनाला लावला असेल तर ‘१२’ आणि इंग्रजी लिपीतले बारा ही दोन वेगळी उत्तरं ठरतात, त्यातलं एक चूक. उत्तरसूचीत दोन्ही घाला, किंवा असे प्रश्न बहुपर्यायीच ठेवा.

आणि पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये आलेखावर मराठी नावं घातली की आधी चौकोन येतात, कारण मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. फॉन्ट बदलला तरी ऱ्हस्व वेलांटी सहसा अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात, कारण ते चिन्हं एकामागून एक मांडतं, जुळवत नाही. त्यात दिवस घालवू नका. आकडेमोड तिथे करा, आलेख लिब्रेऑफिसमध्ये काढा.

वीस वर्षांच्या नोट्स जुन्या फॉन्टमध्ये आहेत. त्यांचं काय?

श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमधला मजकूर आतून रोमन अक्षरांचाच असतो. तो फॉन्ट मुलाच्या फोनमध्ये नसतो, म्हणून त्याला नुसती अगम्य चिन्हं दिसतात. शोध लागत नाही, साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही काही कळत नाही. परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणा आणि मग चार गोष्टी डोळ्यांनी तपासा: रफार योग्य अक्षरावर आहे का, ऱ्हस्व वेलांटी सरकली आहे का, ‘ऱ्य-ऱ्ह’ टिकले का, आणि मध्ये आलेले इंग्रजी शब्द देवनागरीचा कचरा झाले का. परिवर्तक त्यांनाही मराठी समजून बदलतो. शे-दोनशे पानं असतील तर रोज पाचच करा.

पुढे टाइप करायला इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिका. महिनाभर बोटं अडखळतात, मग अडखळत नाहीत. ‘सुऱ्या’ मधला ‘ऱ्या’ बोलून टाइप करताना हमखास ‘र्या’ होतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ‘जे’, मग पाय मोडायला ‘डी’, मग ‘य’ आणि काना, की झालं.

तासाचं रेकॉर्डिंग करून ठेवावं का?

पूर्ण तासाचं नको. पन्नास मिनिटं कुणी बघत नाही. जी संकल्पना दर वर्षी अडते तेवढीच ८ ते १० मिनिटांत घ्या. ओबीएस स्टुडिओ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे. १२८० बाय ७२०, सेकंदाला ३० चौकटी, बिटरेट १५०० ठेवला तर दहा मिनिटांना साधारण ११० ते १२० एमबी लागतात, मुलांच्या डेटा पॅकला झेपेल इतकं. स्लाइडवरचा मजकूर २८ पॉइंटच्या खाली नको, तो पाच-सहा इंची पडद्यावर वाचला जाणार आहे.

रेकॉर्डिंग एमकेव्ही स्वरूपात ठेवा. साधी एमपी४ फाइल चालू असताना वीज गेली तर ती सहसा उघडतच नाही. एमकेव्हीत वीज जाईपर्यंतचं सगळं शाबूत राहतं. नंतर ‘फाइल’मधल्या ‘रीमक्स’ने ती मिनिटभरात एमपी४ होते. पंखा बंद करा. चित्र अंधूक चालतं, आवाज घरघरला की मुलं दुसऱ्या मिनिटाला निघून जातात.

आमच्याकडे नेटच धड नाही.

मग नेट एकदाच लागेल अशी सोय करा. लिब्रेऑफिसची फाइल साधारण ३५० एमबी. साठ जणांनी वेगवेगळी उतरवली तर २१ जीबी, पेनड्राइव्हवरून वाटली तर एकदाच ३५०. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीहून मोठी एक फाइल त्यावर जात नाही, जागा रिकामी असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असं येतं. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आतलं आधी काढून घेऊन.

मुलांच्या गुणांची यादी एआयला देऊन विश्लेषण करून घेतलं तर?

नावं, पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक), जात-प्रवर्गाचा रकाना, फोन क्रमांक यांसह कधीही नको. ती माहिती मुलांची आहे, तुमची नव्हे, आणि वैयक्तिक विदेच्या (डेटाच्या) संरक्षणाचा २०२३ चा कायदाही आता झालेला आहे. आधी प्रत बनवा. नावांच्या जागी ‘वि००१’, ‘वि००२’ असे संकेत घाला, नाव-संकेताची जोडी वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्या जागी. ‘विशेष शेरा’ असा रकाना असेल तर तो उडवाच. ‘वडील वारले, फी बाकी’ असं काहीबाही त्यातच लिहिलेलं असतं.